बुश, चुंबक आणि काळं तेल : माझ्या पीएचडीची पाच वर्षं

माझे बाबा जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, फिटर. दसऱ्यानंतर सीझन लागला की मार्च-एप्रिलपर्यंत ते घरी फक्त झोपायला यायचे, अंगावर रुईचे तंतू, नखात ग्रीस. लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा एक गोष्ट रोज दिसायची. चालू मशीनजवळ बाबा उभे, आणि हाताची मागची बाजू, म्हणजे बोटांच्या गाठी आणि मनगट याच्यामधला भाग, बेरिंगच्या घरावर टेकवून मनात आकडे मोजत आहेत. दहापर्यंत हात टिकला तर चालू द्यायचं, त्याच्या आधी काढावा लागला तर मशीन बंद. तळहात कधीच लावायचे नाहीत. तळहाताची कातडी राठ झालेली, तिला समजत नाही म्हणायचे, आणि करंट असला तर मूठ आवळते, मागच्या बाजूला मात्र झटका बसला की हात आपोआप मागे येतो.

तेलाची त्यांची तक्रारही तीच असायची वर्षानुवर्षं. "तेल जास्त झालं त रुई डागते, कमी झालं त बुश खाते." बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी. रुईवर तेलाचा डाग दिसला की गठाणीचा भाव पडतो, आणि बुश कोरडा पडून घासला की ठिणगी, आणि जिनिंगमधे ठिणगी म्हणजे काय ते कापसाच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. नवीन मशिनींवर बहुतेक सगळीकडे बॉल बेरिंगच आहेत, पण जुन्या शाफ्टला गनमेटलचे बुश अजून आहेत, आणि बाबांचं अर्धं आयुष्य त्यांच्यामागे तेलाची कुपी घेऊन फिरण्यात गेलं.

हे सगळं आधी सांगून राहिलो कारण पाच वर्षं मी जे केलं ते शेवटी इथंच येऊन थांबलं, आणि सुरुवातीला मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी दारव्ह्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पीएचडीला अमरावतीच्या सरांकडे नाव घातलं, रजिस्ट्रेशनचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अकरा महिने लागले, ते सोडा. विषय मिळाला जर्नल बेरिंगमधे मॅग्नेटिक फ्लुइड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जर्नल बेरिंग म्हणजे आपला साधा बुशच. शाफ्ट आणि बुश यांच्यात केसापेक्षाही कमी फट असते, शाफ्ट फिरला की तो स्वतःच तेल त्या फटीच्या निमुळत्या भागात ओढून नेतो आणि तिथं इतका दाब तयार होतो की शाफ्ट तेलावर उचलला जातो, धातूला धातू लागतच नाही. हे कळलं तो किस्सा मला फार आवडतो. १८८३ साली इंग्लंडमधे बीचम टॉवर (Beauchamp Tower) नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सल बेरिंगवर प्रयोग करत होते, त्यांनी बेरिंगला वरून तेलासाठी भोक पाडलं तर मशीन चालू केल्यावर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं, लाकडाची खुंटी ठोकली तर तीही बाहेर ढकलली गेली, मग दाब मोजायचा गेज लावला तर चौरस इंचाला २०० पौंडापर्यंतचा काटा शेवटाला जाऊन टेकला. १८८६ मधे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं आणि आजही आम्ही सगळे त्याच समीकरणावर जगतो.

आणि मॅग्नेटिक फ्लुइड, म्हणजे फेरोफ्लुइड, हे चुंबकाला ओढलं जाणारं तेल. लोखंडाच्या ऑक्साईडचे, मॅग्नेटाईटचे, साधारण दहा नॅनोमीटरचे कण, प्रत्येक कणाला ओलिक ॲसिडसारख्या पदार्थाचा पापुद्रा म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत, आणि इतके बारीक की तेलाच्या रेणूंच्या धक्क्यांनीच ते तरंगत राहतात, तळाशी बसत नाहीत. १९६३ मधे नासाचे स्टीव्ह पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनासाठी ही कल्पना काढली होती, वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन चुंबकाने ओढून पंपाच्या तोंडाशी आणायचं म्हणून. इंधनात नाही चाललं, पण फिरणाऱ्या शाफ्टच्या सीलमधे आणि स्पीकरच्या कॉईलमधे चाललं. (याचा चुलतभाऊ एमआर फ्लुइड, त्यात मायक्रॉनचे कण असतात आणि चुंबक लावला की ते जवळजवळ घट्ट होतं, डॅम्परमधे वापरतात. लोक दोन्हीची गल्लत करतात, मीही पहिले सहा महिने केली.)

पहिली दोन वर्षं मी फक्त कॉम्प्युटरवर होतो. रेनॉल्ड्सच्या समीकरणात चुंबकाच्या दाबाचा एक टर्म वाढवायचा, आकडे टाकायचे, ग्राफ काढायचे. त्या टर्ममधे एक गुणांक असतो, चुंबकाचा जोर किती ते सांगणारा, त्याला एकक नाही, नुसता आकडा. मी वाचलेल्या कितीतरी पेपरांत तो ०.५, १ असा घेतलेला होता म्हणून मीही तसाच घेतला, आणि भार पेलायची ताकद जवळजवळ तीस टक्के वाढलेली आली. एक पेपर छापूनही आला. घरी पेढे आणले. बाबांना सांगितलं की चुंबक लावला की बुश तीस टक्के जास्त वजन उचलतो, ते एवढंच म्हणाले, "कोणत्या चुंबकानं?" मी म्हटलं अजून चुंबक नाही लावला, गणित आहे. "बरं," म्हणाले, आणि जेवायला बसले.

तोच प्रश्न सहा महिन्यांनी प्रोग्रेस सेमिनारमधे आला. बाहेरून आलेले एक वयस्कर सर होते, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हा ०.५ कुठून आणला, मिलिमीटर आणि टेस्लामधे (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक) सांगा. मला सांगता आलं नाही. आवाज चढवला नाही, काही नाही, म्हणाले पुढच्या वेळी सांगा. घाम फुटला होता मला.

अमरावतीहून परत येताना नेरकडच्या एसटीत खिडकीजवळ बसून वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. हा हिशोब मी पहिल्याच महिन्यात करायला पाहिजे होता, म्हणून इथं पूर्ण देतो. साधारण बऱ्या फेरोफ्लुइडचं संपृक्त चुंबकन, म्हणजे ते जास्तीत जास्त किती चुंबकित होतं ते, २०० गाऊस धरा, म्हणजे सोळा हजार अँपिअर प्रति मीटर. चांगला निओडिमियम चुंबक लावून फटीत एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत क्षेत्रातला फरक फार तर ०.२ टेस्ला. गुणाकार केला की दाब येतो साधारण ३२०० पास्कल. आता माझा बुश ४० मिलिमीटर व्यासाचा, ४० लांबीचा, त्यावर २०० न्यूटन म्हणजे जेमतेम वीस किलो भार, तरी सरासरी दाब होतो सव्वा लाख पास्कल. सव्वा लाखापुढे तीन हजार! अडीच टक्के. आणि एक हजार आरपीएमला तो गुणांक काढला तर आला ०.०१ च्या आसपास. मी ०.५ घेतला होता. पन्नास पट. म्हणजे माझ्या छापून आलेल्या ग्राफमधला चुंबक या जगात मिळत नाही.

बस नेरच्या स्टँडवर थांबली, लोक चहाला उतरले, मी तसाच बसून राहिलो. रात्री झोप नाही आली. दोन वर्षं गेली याचं दुःख होतंच, पण जास्त हे लागलं की मी आकडा न तपासता बाबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

सरांना दुसऱ्या दिवशी फोन केला, सगळं सांगितलं. सर म्हणाले, "ठीक आहे, आता बनवून पहा. फ्लुइडही आणि रिगही." रिग म्हणजे बुश-शाफ्ट बसवून प्रयोग करायची मशीन.

फ्लुइड बनवायची कृती वाचायला सोपी आहे. फेरिक क्लोराईड आणि फेरस क्लोराईड दोनास एक या मोल प्रमाणात, आमच्या बॅचला ५४ ग्रॅम आणि २० ग्रॅम, पाण्यात विरघळवायचं, गरम करायचं, जोरात ढवळत अमोनिया ओतायचा, एका क्षणात सगळं काळंकुट्ट होतं. मग ओलिक ॲसिड, मग धुणं, मग तेलात घेणं. फुकट काही गेलं नाही तर २३ ग्रॅम मॅग्नेटाईट मिळतं. आमची पहिली बॅच काळी झालीच नाही, तपकिरी झाली, गढूळ नाल्याच्या पाण्यासारखी, आणि सकाळपर्यंत सगळं खाली बसलं, चुंबक लावला तर हलेना. फेरस क्लोराईडची बाटली जुनी होती, झाकण सैल, हवा लागून आतल्या आतच त्याचं फेरिक झालेलं. ते मीठ हिरवट दिसलं पाहिजे, पिवळं-तपकिरी दिसलं तर घेऊच नका. दुसरी बॅच मे महिन्यात केली, लॅबमधे ४२-४३ डिग्री, एग्झॉस्ट नाही, अमोनिया नाकात गेला आणि केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट काका आणि मी दोघंही व्हरांड्यात येऊन डोळे धूत बसलो. त्यानंतर हे काम फक्त पहाटे, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून.

पाचवी बॅच जमली. रॉकेलमधे घेतली तर छान झाली पण रॉकेल उडून जातं, बेरिंगमधे काय कामाचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर ऑईलमधे घेतली. ते आपल्याकडे मिळतंही सहज. काचेच्या बशीत ओतलं आणि खालून चुंबक आणला तर त्या सपाट काळ्या तेलातून काटे वर आले, एकसारखे, टोकदार, धोतऱ्याच्या बोंडावर असतात तसे. चुंबक जवळ नेला की काटे बारीक आणि दाट, दूर नेला की मोठे आणि विरळ, आणि काढला की पुन्हा सपाट तेल. व्हिडिओत शंभर वेळा पाहिलं होतं. पण आपल्या हातानं मीठ मोजून, धुऊन, गाळून बनवलेल्या तेलातून ते वर येताना पाहणं वेगळंच. काकांनी बायकोला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ते कापडावर सांडलं तर मात्र डाग जन्मात जात नाही, माझे दोन शर्ट गेले.

रिग दारव्ह्यातल्या एका लेथवाल्या भाऊकडे बनवली. बुश फॉस्फर ब्राँझचा, कारण त्याला चुंबक लागत नाही आणि क्षेत्र आरपार जातं. शाफ्ट मात्र तीन वेळा बनवावा लागला. पहिला साध्या लोखंडाचा, त्यानं सगळं चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घेतलं, शाफ्ट एका बाजूला खेचला जायचा. मग ३०४ स्टेनलेस आणलं, दांडा होता तोवर चुंबक चिकटत नव्हता, टर्निंग करून आणला तर थोडा थोडा चिकटायला लागला! मला वाटलं भाऊनं माल बदलला, त्याच्याशी बोलाचालीही झाली. नंतर वाचलं की ३०४ वर लेथचा जोर पडला की वरच्या थरातली रचनाच बदलते आणि तो थोडा चुंबकीय होतो. मी जाऊन भाऊची माफी मागितली. तो म्हणाला, "मास्तर, म्या त आधीच सांगतलं होतं, टूल लागला का ते असंच करते." त्याला ठाऊक होतं, मी विचारलंच नव्हतं. तिसरा शाफ्ट त्यानं ३१६ मधे धार लावलेल्या टूलनं बारीक बारीक कट घेत काढून दिला, फट आली ५० मायक्रॉन, दोन-चार इकडे तिकडे.

आता रीडिंग. साधं ट्रान्सफॉर्मर ऑईल आणि फेरोफ्लुइड यांची तुलना नव्हती करायची, कारण कणांमुळे फेरोफ्लुइड मुळातच जास्त घट्ट असतं. तुलना एकाच फेरोफ्लुइडची, चुंबक नसताना आणि असताना. पहिल्याच आठवड्यात घर्षणात अठरा टक्के फरक आला. मी खुश. सरांना मेसेज टाकला, ॲबस्ट्रॅक्ट लिहायला घेतलं. आणि मग लॉगबुक टाईप करताना वेळेच्या कॉलमवर नजर गेली. बिनाचुंबकाचे सगळे रीडिंग सकाळी साडेसात ते दहा. चुंबकाचे सगळे दुपारी एक ते चार, कारण चुंबकाच्या रिंगा बसवायला वेळ लागायचा आणि मधे लाईन जायची. महिना एप्रिल. सकाळी लॅबमधे २७-२८, दुपारी ४१. तेल गरम झालं की पातळ होतं, पातळ झालं की घर्षण कमी, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक आहे. अठरा टक्क्यांतले बहुतेक टक्के उन्हाचे होते.

इथं मला खरंच मोह झाला होता. लॉगबुकमधला वेळेचा कॉलम थिसिसमधे कोणी मागत नाही. आकडे खोटे नव्हतेच, घेतलेलेच होते. दोन दिवस मी ती वही उघडली नाही. पण एसटीतला तो हिशोब आठवत होता, अडीच टक्क्यांच्या दाबानं अठरा टक्के येतीलच कसे, हे मला आता माहीत होतं.

सगळं पुन्हा केलं. बुशमधे शाफ्टच्या जवळ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बसवलं, तापमान ४५ ला स्थिर झाल्याशिवाय रीडिंग नाही, आणि एक चुंबकाचं एक बिनाचुंबकाचं असं आलटून पालटून. काम रात्री, कारण रात्री तापमानही कमी हलतं आणि थ्री फेज सलग मिळते. एवढं करून एक हजार आरपीएमला फरक आला दोन-तीन टक्के, तोही रीडिंगच्या आपल्याच वरखालीत बुडालेला. पन्नास-साठ आरपीएमला मात्र दिसायचा, कारण तिथं तेलाचा स्वतःचा दाब तयार व्हायला वेगच नसतो आणि चुंबकाचे तीन हजार पास्कल तिथं मोजण्यात येतात. मी ते तसंच लिहिलं.

पुढचा प्रयोग प्लॅनमधे नव्हताच. एका रात्री तेलाची नळी निसटली, मी चहा प्यायला बाहेर गेलेलो, परत येऊन पाहतो तर खाली तेल सांडलेलं, कुपी रिकामी, आणि रिग चालू. किती वेळ झाला माहीत नाही, पण लॉगरवर पुरवठा बंद झाल्यापासूनची पंचवीस मिनिटं दिसत होती आणि तापमान हललं नव्हतं. बुशच्या दोन्ही तोंडांना चुंबकाच्या रिंगा होत्या, आणि टॉर्च मारून पाहिलं तर तोंडाशी काळ्या तेलाची एक गोल वेटोळी शाफ्टभोवती उभी होती, चकचकीत, थेंबही न गळता. मामा रेल्वेत होते मूर्तिजापूरला, ते सांगायचे की जुन्या डब्यांच्या ॲक्सल बॉक्समधे तेलात भिजवलेलं सुताचं वेस्ट कोंबायचे, तेल वाहून जाऊ नये म्हणून. तेच काम इथं चुंबक करत होता. तीन हजार पास्कलनी वीस किलोचा शाफ्ट उचलला जात नाही, पण तोंडाशी आलेल्या तेलाला रोखायला तीन हजार पास्कल भरपूर आहेत, तीस सेंटिमीटर तेलाच्या खांबाचा दाब आहे तो! सारख्या क्षेत्रात ही ओढ नसते, क्षेत्र जिथं एका जागेकडे वाढत जातं तिथंच तेल ओढलं जातं, आणि तोंडाच्या रिंगा नेमकं तेच करत होत्या. मी दोन वर्षं त्या दाबाला चुकीचं काम सांगत होतो.

मग ते नीट केलं. चुंबक नसताना तेलाचा पुरवठा तोडला की नऊ-दहा मिनिटांत बुश ७० डिग्रीच्या वर जायचा आणि रिग बंद करावी लागायची. तेच फेरोफ्लुइड, रिंगा लावून, पुरवठा तोडून, दोन तास चाळीस मिनिटं चाललं, तेही मीच बंद केलं. असं सहा वेळा. जास्त तापवून चालत नाही, साधे निओडिमियम चुंबक ८० डिग्रीच्या पुढे कमजोर व्हायला लागतात, आणि हे तेल गनमेटलच्या बुशात कुपीनं घालण्याइतकं स्वस्त नाही, दोन्ही गोष्टी थिसिसमधे लिहिल्या आहेत. जुन्या पेपरमधला गुणांक चुकीचा घेतला हेही एका वेगळ्या प्रकरणात लिहिलं. सर म्हणाले होते तळटीप पुरे, मी म्हटलं नाही सर, पूर्ण प्रकरण राहू द्या, माझ्यासारखा दुसरा कोणी ०.५ टाकून बसू नये.

व्हायव्हाच्या, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेच्या, आधी बाबांना लॅबमधे आणलं. सीझन संपलेला, त्यांना वेळ होता. रिग चालू केली, त्यांच्यासमोर तेलाची नळी काढली आणि बाजूला ठेवली. ते खुर्चीवर बसले नाहीत. तासाभरानं जवळ गेले, हाताची मागची बाजू बुशला टेकवली, ओठ हलत होते. दहा झाले, वीस झाले, हात काढला नाही. मग वाकून तोंडाशी ती काळी वेटोळी पाहिली, खाली फरशीवर बोट फिरवून पाहिलं.

"गळत नाही थेंब."

"नाही न बाबा."

"वजन उचलते काय मंग जास्त?"

"नाही. तेवढंच उचलते. तेल धरून ठेवते फक्त."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथी तुही लॅब साफ हाय. जिनिंगमदी हवेत रुई उडत रायते. ते या तेलाले चिकटन, मंग?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. व्हायव्हा झाला, डिग्री मिळाली, पण तो प्रश्न कोणत्याच परीक्षकानं विचारला नाही. सध्या रिगभोवती ॲक्रिलिकची पेटी बसवली आहे, बाबांनी पोत्यात भरून आणलेला जिनिंगचा कोंडा आणि तंतू त्यात छोट्या पंख्यानं उडवतो. पहिल्या चार तासांत तंतू वेटोळीच्या बाहेरच्या कडेला काजळीसारखे साचतात, आत शिरलेले अजून दिसले नाहीत. मागच्या शनिवारी साडेसहा तास चाललं. या शनिवारी बाबा पुन्हा येणार आहेत, येताना ओली रुई आणतो म्हणाले, कोरडी तर कोणत्याही तेलावरून सरकते.